पळसाच्या पानांचा मेजर

तार आली तेव्हा आई माझी वेणी घालत होती. पोस्टमननं सही घेतली. आईनं तार वाचली आणि पुन्हा वाचली. मग तिनं मला शेजारी जाऊन खालाला बोलावून आणायला सांगितलं. मेजर, म्हणजे माझे वडील, बेपत्ता आहेत, एवढं तारेत होतं.

मी चौथीत होते. आम्ही औरंगाबादच्या छावणीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचो. वडील पश्चिम सीमेवर होते. लढाई संपली होती. बाजारात पेढे वाटून झाले होते, शाळेनं विजयाची सुट्टी दिली होती, आणि आई वडिलांच्या पत्राची वाट पाहत होती. पत्राच्या जागी तार आली.

खाला म्हणजे शेजारच्या टेलरची बायको. तिचा नवरा फौजेतल्या लोकांचे गणवेश शिवायचा, त्याला सगळी छावणी खलिफा म्हणायची. खालाला इंग्रजी येत नव्हतं, तरी तिनं तार हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"बेपत्ता बोले तो पता नै, इत्ताच ना?" ती आईला म्हणाली. "मय्यत देखे बगैर मैं तो नै मानती बाई. उठो. पोरीची वेणी अर्धीच है."

आई उठली आणि तिनं माझी वेणी पुरी केली.

वडिलांना मी तोवर थोडंच ओळखत होते. वर्षातून एकदा ते सुट्टीवर येत. पहिले काही दिवस मी त्यांना लाजायची, आणि लाज जाऊन जरा बोलायला लागले की त्यांची ट्रंक भरलेली दिसायची. त्यांच्याबद्दलचं बाकीचं मला काकांकडून कळलं. पैठणच्या पुढं गोदावरीच्या काठाला आमचं गाव. आजी-आजोबा लवकर गेले. मोठे काका वडिलांपेक्षा बरेच थोरले, त्यांनीच धाकट्या भावाला वाढवलं. काका स्वतः निजामाच्या अमलात चार इयत्ता उर्दू शिकलेले. पोलिस ॲक्शन झाल्यावर शहरात मराठी शाळा वाढल्या, तेव्हा काकांनी भावाला बैलगाडीत घालून शहरात आणलं आणि बोर्डिंगात ठेवलं. तिथून कॉलेज, कॉलेजातून फौज. पहिल्यांदा गणवेश घालून ते गावी गेले तेव्हा काकांनी त्यांना वेशीपासून घरापर्यंत चालत नेलं, वाटेत दिसेल त्याला थांबवलं. "भाऊ नाय म्हणायचं ह्याला. लेक हाय माझा," असं सांगत.

काकांनी त्यांना नावानं हाक मारणं त्यानंतर सोडलं. हुद्दा बदलला की काकांची हाक बदलायची. लेफ्टनंट म्हणताना त्यांची जीभ अडखळायची, कॅप्टन त्यांना आवडलं नाही, आणि वडील मेजर झाल्यावर ते सुखी झाले. "हे कसं तोंडात बसतं बघ. मेजर!"

तार आल्यावर काका दर आठवड्याला एसटीनं छावणीत यायला लागले. आत येऊन बसायचे, पाणी प्यायचे, काही कळलं का विचारायचे आणि परत जायचे. थंडी संपत आली तेव्हा वडिलांच्या पलटणीतले एक सुभेदार सुट्टीवर जाताना मुद्दाम वाट वाकडी करून आमच्याकडे आले. काका त्या दिवशी होते. सुभेदारांनी टोपी मांडीवर ठेवली आणि जे पाहिलं ते सांगितलं. कालव्याच्या बांधावर वडिलांची कंपनी होती. मागं यायचा हुकूम झाला. जखमी आधी निघावेत म्हणून वडील काही माणसं घेऊन मशीनगनजवळ थांबले. सगळे जखमी निघाले. मग त्या जागेवर तोफेचा गोळा पडला. धूर खाली बसल्यावर तिथं बांधच उरला नव्हता.

"माणूस वाचेल अशी जागा राहिली नव्हती बाईसाहेब," सुभेदार म्हणाले. त्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. त्यांना दिसलं तेवढंच त्यांनी सांगितलं.

काकांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "आता त्याला पाणी द्याया पायजे."

आई म्हणाली, "आप्पा, देह सापडला नाही तर बारा वर्षं वाट पाहायची असते."

"बारा वर्षं?" काका म्हणाले. "बारा वर्षं त्याला पाण्यावाचून ठेवू? लहानपणी घोटभर पाण्याला उशीर झाला तर घर डोक्यावर घ्यायचा. तू त्याला ओळखून हायेस का म्या?"

त्यावर आई उठून आत गेली. आमच्याकडं देह नसला की पळसाच्या पानांचा आणि देठांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. पैठणला नदीच्या वाळवंटात काकांनी तो माणूस स्वतः बांधला. मला नेलं होतं, पण लांब पायऱ्यांवर बसवून ठेवलं होतं. तिथून मला काका दिसत होते. एक एक पान ते मांडीवर सरळ करून घेत आणि मग बांधत. वडील उंच होते, म्हणून त्यांनी पानं पुन्हा मागवली. भटजी म्हणाले, पाटील, एवढा मोठा लागत नाही. काका म्हणाले, "माझा मेजर एवढाच हाय." आणि हात वर करून उंची दाखवली.

बायकांनी आईला नदीवर नेलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात बांगड्या नव्हत्या आणि कपाळ ओलं होतं. तिला काय वाटतं, हे तिथं कुणीच विचारलं नाही. तेराव्याला गाव जेवलं.

छावणीत परत आलो तर खाला दारातच उभी होती. आईकडं पाहून ती आत निघून गेली आणि दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती भांडायलाच. "तुमकू बोली थी ना मैं? जेठ बोला म्हणून काय झालं? पैले देखना तो था!" आणि मग आईच्या गळ्यात पडून रडली.

आई मॅट्रिक झालेली होती. उन्हाळ्यानंतर ती एका प्राथमिक शाळेत लागली. पांढऱ्यावर बारीक निळी किनार असलेली साडी नेसून ती जायची. शाळेत सगळे तिला विधवा म्हणूनच ओळखू लागले.

पावसाळ्यात वडिलांचं कार्ड आलं. शत्रूच्या मुलखातल्या इस्पितळातून, कैद्यांच्या छावणीतून, कुठून कुठून शिक्के खाऊन ते आलं होतं. अक्षर वाकडं होतं, कारण उजवा हात प्लास्टरमध्ये होता. पाय वाचला आहे, काळजी करू नये, मुलीचा अभ्यास घ्यावा. ते कार्ड आईनं वाचलं आणि शाळेची वेळ झाली म्हणून ती शाळेत गेली. संध्याकाळी आली तेव्हा तिला ताप होता.

त्या वर्षाच्या अखेरीस वडील परत आले. स्टेशनवर बँड होता, हार होते. ते काठी टेकत उतरले. इतके वाळले होते की कोट खांद्यावर टांगल्यासारखा दिसत होता. काका गर्दीत पुढं झाले, वडिलांच्या चेहऱ्याला हात लावायला गेले आणि हात मध्येच थांबवला. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. तो हात मी जवळून पाहिला.

घरी आल्यावर त्याचं कारण कळलं. ज्याचे अंत्यसंस्कार झाले तो माणूस परत आला, तर त्याला पुन्हा जन्माला यावं लागतं. तुपानं न्हाऊ घालतात, जिभेवर मध ठेवतात, कानात नाव सांगतात, जन्मापासूनचं सगळं करतात, आणि शेवटी त्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावतात. तोवर घरच्या पंगतीत त्याला बसता येत नाही. काका पैठणच्या भटजींना सगळं विचारून आले होते. पुढचा मुहूर्तही काढला होता.

वडिलांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आप्पा, मी मेलोच नव्हतो. मग जन्माला कसा येऊ?"

"मला कळतंय रे. पण म्या ह्या हातानं तुला पिंड दिलाय. हे हात घेऊन तुझ्याबरोबर जेवू कसा?"

"माझी पोरं त्या बांधावर राहिली. माझ्या शेजारी होती ती. त्यांना परत जन्माला घालता येत असेल तर सांगा, मी आधी त्यांना घेऊन येतो. त्यांच्या आईबापांनी काय करायचं? आणि मी तूप अंगाला लावून बाळ होऊ?"

काका उठले. आईनं ताट वाढलं होतं, ते तसंच राहिलं. दारात वळून ते म्हणाले, "मेजर, तू तिकडं पण मागं हटला नाहीस आन् इथं पण हटत नाहीस." ते एसटीनं गावी गेले. त्यानंतर ते आमच्याकडं येत, विचारपूस करीत, पण पाणीसुद्धा ओट्यावर बसून पीत, आणि वडील गावी गेले की त्यांचं ताट वेगळं मांडलं जाई.

हा झगडा दोन भावांचा आहे असं मला तेव्हा वाटायचं. आई मध्ये कुठंच दिसत नव्हती. ती चहा करीत होती, वडिलांच्या पायाला तेल लावीत होती, शाळेत जात होती, आणि तिचं कपाळ तसंच होतं. पायामुळं वडिलांचा पलंग बाहेरच्या खोलीत टाकला होता. पाय बरा झाला तरी तो तिथंच राहिला.

एकदा मी गृहपाठ करत असताना वडील म्हणाले, "तुला कुंकू लावायचं तर लाव ना. कोणी अडवलंय?"

"कोणाच्या नावानं?"

"माझ्या."

"तुमचं तेरावं जेवलेत लोक," आई म्हणाली. आवाज चढवून बोलली नाही. वहीकडं बघून मला म्हणाली, "हातचा धरायचा राहिला तुझा."

आईला काय हवं होतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि मग पुढची कितीतरी वर्षं मी त्याचीच वाट पाहत होते. गावासमोर जे काढून घेतलं ते तिला गावासमोर परत हवं होतं. ते मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. आणि देण्यासाठी वडिलांना आधी असं कबूल करावं लागलं असतं की आपण मेलो होतो.

वडिलांना वीरचक्र जाहीर झालं. दिल्लीला ते आणि आई गेले. तिथं काय झालं हे आईनं मला कॉलेजात असताना सांगितलं, एकदाच. समारंभाच्या दालनात एका स्वयंसेवकानं तिच्या कपाळाकडं पाहिलं आणि अदबीनं तिला एका रांगेत नेऊन बसवलं. ती रांग नवऱ्याचं पदक घ्यायला आलेल्या बायकांची होती. शेजारी एक तरुण पंजाबी मुलगी होती. तिनं आईचा हात घट्ट धरला. दोघींना एकमेकींची भाषा नीट येत नव्हती. मग वडिलांचं नाव पुकारलं गेलं. आई उठत नाही म्हणून ती मुलगी स्वतः उभी राहून तिला हलक्या हातानं उठवायला लागली. तेवढ्यात समोरून वडील स्वतःच काठीशिवाय चालत गेले. मुलीनं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग आईच्या कपाळाकडं पाहिलं, आणि आपला हात काढून घेतला.

"तिला वाटलं असेल मी तिची थट्टा केली," आई म्हणाली. "तिला सांगायला मला शब्द सापडले नाहीत."

हे वडिलांना सांगितलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "त्या दिवशी त्यांचा आनंदाचा दिवस होता."

वडील पुन्हा पलटणीत रुजू झाले. डोंगरातली ठाणी, वाळवंट, पुढं शिकवण्याची एक नेमणूक. एका ठिकाणी आई माझ्यासह वर्षभर त्यांच्याबरोबर राहिली. तिथल्या अफसरांच्या बायका चांगल्या होत्या. पण सणाला कुंकवाचं ताट फिरलं की ते आईपाशी येऊन अडायचं. ताट धरणारी आधी आईकडं बघायची, मग लांब उभ्या असलेल्या वडिलांकडं बघायची, आणि काय करावं तिला कळायचं नाही. आई त्या वर्षानंतर छावणीत परत आली, शाळेत पुन्हा लागली. वडील एकटेच बदल्यांवर जात राहिले. त्यांची पत्रं यायची. हवा, माझे गुण, छत गळतं का. तळाशी 'तुझा' एवढंच, नाव नसायचं.

सुट्टीवर आले की ते स्वतःची तुटलेली बटणं स्वतः शिवत. कैदेत शिकले होते. खलिफाला ते खपत नसे. भिंतीवरून तो ओरडायचा, "साब, गोली खाये, कैद काटे, अब मेरी रोटी भी खाएंगे क्या?" वडील हसायचे. त्या घरात ते हसलेले मला तेवढंच आठवतं. लढाईविषयी ते कधी बोलले नाहीत. शाळा-कॉलेजांतून भाषणाला बोलावणी यायची. ते जायचे, मुलांनी रांगेत कसं उभं राहावं आणि पाणी उकळून का प्यावं यावर बोलायचे आणि परत यायचे.

कर्नल होऊन ते निवृत्त झाले. शहरातच पुंडलिकनगरला प्लॉट घेतला होता, तिथं घर बांधलं. मी तोवर एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले होते. लग्न केलं नाही. त्याची कारणं इथं सांगण्यासारखी नाहीत, पण घरात आम्ही तिघं माणसं एकमेकांशी इतकं कमी बोलत होतो, की चौथ्या माणसाला तिथं कुठं बसवायचं हे मला सुचत नव्हतं. वडिलांची खोली पुढं, आईची मागं, माझी वर.

गल्ली नवी होती. आमची आधीची हकिकत तिथं कुणाला ठाऊक नव्हती. समोर एक तरुण जोडपं राहायला आलं, नवरा वाळूजला कारखान्यात होता. संक्रांतीला ती मुलगी तिळगुळाची डबी घेऊन फाटकापाशी आली. वडील नळी धरून झाडांना पाणी घालत होते. मी व्हरांड्यात पुस्तकाला कव्हर घालत होते.

"दादा, हे तिळगूळ ताईंना द्या हं. आणि हळदीकुंकवाला नाही बोलावलं म्हणून राग नका मानू म्हणावं."

"का नाही बोलावलं?" वडिलांनी विचारलं.

ती गोंधळली. "अहो, तसं नाही... त्यांचे मिस्टर नाहीत ना. तुम्ही भाऊ ना त्यांचे? खरं सांगू, आम्हाला लई कौतुक वाटतं. आजकाल कोण बहिणीला असं सांभाळतं!"

वडिलांनी डबी घेतली. "सांगतो," म्हणाले. ती गेली. नळीचं पाणी एकाच आळ्यात पडत राहिलं, आळं भरून वाटेवर आलं, माझ्या चपलांपर्यंत आलं. मग त्यांनी नळ बंद केला आणि माझ्याजवळ येऊन बसले.

"सगळे असंच समजतात?"

"नवे आहेत ते," मी म्हणाले.

"मी ते विचारलं नाही."

तेव्हा मी त्यांना दिल्लीची हकिकत सांगितली. ऐकताना ते माझ्याकडं पाहत नव्हते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "ती पंजाबी मुलगी कोणत्या बाजूला बसली होती? डाव्या की उजव्या?" मला माहीत नव्हतं. "मी चालत गेलो तेव्हा एक मुलगी उभी होती," ते म्हणाले. "मला वाटलं, माझ्यासाठीच उभी राहिली."

दुसऱ्या दिवशी ते गावी निघाले. मी रजा टाकून बरोबर गेले. काका फार म्हातारे झाले होते, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं.

"कोण हाय?"

"मी आप्पा."

"मी म्हंजी कोण?"

"तुमचा मेजर."

"कर्नल झालास म्हणत व्हते लोकं."

"तुमच्यासाठी मेजरच."

"बस. काय काम काढलं?"

वडील बसले. "जन्माला यायचंय," ते म्हणाले.

काकांना ते समजायला वेळ लागला. मग त्यांचं सगळं अंग हलायला लागलं, आणि ते हसतायत की रडतायत ते मला कळेना. "लई उशीर केलास रे," ते म्हणाले. "आता एवढं थोरलं बाळ म्या मांडीवर कसं घिऊ?"

पैठणला सगळं केलं. न्हाव्यानं वडिलांचं डोकं केलं आणि मिशी काढली. मिशीशिवाय त्यांचा वरचा ओठ मी पहिल्यांदा पाहिला, तो माझ्यासारखा होता. ओल्या धोतरात ते पाटावर बसले. पायावरचा जखमेचा वण सगळ्यांना दिसत होता. काकांनी चाचपडत त्यांच्या डोक्यावर तूप घातलं. जिभेवर मध ठेवताना त्यांचा हात हलला आणि मध हनुवटीवर सांडला, तो त्यांनी आपल्या धोतरानं पुसला. कानात नाव आत्यानं सांगायचं असतं. आत्या नव्हती. भटजींनी इकडंतिकडं पाहिलं आणि मला पुढं व्हायला सांगितलं. वडिलांच्या कानात मी त्यांचं नाव सांगितलं. त्यांच्यासमोर मी ते आयुष्यात तोंडानं उच्चारलं ते तेव्हाच.

त्या दुपारी दोघं भाऊ एका ताटात जेवले. काका त्यांना भरवायला जात होते, आणि दिसत नसल्यामुळं घास गालाला लागत होता. वडील तोंड फिरवून घास घेत होते.

आम्ही घरी आलो तेव्हा आई वह्या तपासत होती. तिनं वर पाहिलं.

"मिशीसुद्धा?" ती म्हणाली.

"सगळंच," वडील म्हणाले. "आप्पा पुढच्या आठवड्यात यायचं म्हणतायत. अंगणातच करू. चार माणसं बोलवू. समोरच्या मुलीलाही बोलवू."

आईनं पेनाला टोपण लावलं. मी मागं दारात उभी होते. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता होणार होतं.

"बसा," आई म्हणाली. वडील बसले. "तुमचं झालं ते बरं झालं. आप्पांच्या जिवाला लागलं होतं. पण मला आता नको."

"तुझ्यासाठी गेलो होतो."

"माहीत आहे मला."

"मग?"

ती शब्द शोधत होती, वर्गात मुलांना अवघड काही सांगताना शोधायची तशी. "तुम्ही तेव्हा म्हणाला होता, मेलो नव्हतो तर जन्माला कसा येऊ. मला राग आला होता तुमचा. पण माझं तसं नाही. मी विधवा झाले होते. ते खरंच झालं होतं. नोकरी धरली, हिला वाढवलं, दिल्लीला बसले, सगळं तशीच राहून केलं. ते झालंच नाही असं आता कसं म्हणू? निम्मं आयुष्य आहे ते माझं."

वडिलांच्या कानामागं तुपाचा ओघळ राहिला होता. आई उठली, तिनं पदराच्या टोकानं तो पुसला आणि म्हणाली, "अंघोळ नीट करून घ्या. मग जेवायला वाढते."

काकांना आम्ही आईची तब्येत बरी नाही असं कळवलं. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्या अंत्ययात्रेत वडील चालत गेले आणि सुतक पाळलं. आई आणि वडील पुढं काही वर्षं त्या घरात राहिले. संध्याकाळी ते व्हरांड्यात दोन खुर्च्यांवर बसायचे, रस्त्याकडं तोंड करून. मला कधी वाटायचं की ते आता एकमेकांना समजले आहेत, कधी वाटायचं की दोघंही दमले आहेत. खरं काय ते मला आजही सांगता येणार नाही.

आई आधी गेली. शाळेतून निवृत्त झाल्यावर चौथ्या वर्षी, थोड्या दिवसांच्या आजारानं. गल्लीतल्या बायका जमल्या. आता सगळ्यांना माहीत झालं होतं की कर्नलसाहेब तिचे नवरे. समोरची मुलगी, आता दोन लेकरांची आई झालेली, पुढं आली.

"भाग्याची हो बाई, अहेव गेली. ताई, हिरवं लुगडं काढा. कुंकू कुठंय?"

आमच्या घरात कुंकू नव्हतं. तिनं स्वतःच्या घरून करंडा आणवला, अंगठ्यावर कुंकू घेतलं आणि आईवर वाकली. वडिलांनी तिचा हात धरला. त्यांनी कुणा बाईचा हात धरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"नको. तिला नको होतं."

"असं कसं साहेब? तुम्ही समोर उभे आहात!"

"मी विचारलं होतं तिला," वडील म्हणाले.

मागं बायकांत कुजबुज झाली. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "फौजी माणूस. दगडाचं काळीज." वडिलांना ते ऐकू गेलं. ते हलले नाहीत. त्या मुलीनं अंगठा पदराला पुसला. आईला तिच्या शाळेच्या साडीत नेलं, पांढऱ्यावर निळी किनार असलेल्या. रात्री मी वडिलांना विचारलं, तुम्हाला लावायचं होतं का. ते म्हणाले, "फार."

त्यानंतर आम्ही दोघं राहिलो. छावणीत दरवर्षी डिसेंबरात कार्यक्रम असतो, तिथं माजी सैनिकांना बोलावतात. मी त्यांच्या कोटाला पदक लावून द्यायची, रिक्षानं घेऊन जायची. पुढच्या रांगेत बसवायचे त्यांना. पदकं घ्यायला, फुलं वाहायला बायका पुढं आल्या की ते उभे राहायचे, आणि सगळ्या बसेपर्यंत बसायचे नाहीत. पाय दुखायचा. मी कोट ओढायची, बसा म्हणायची. ते बसत नसत.

गेल्या वर्षी ते गेले. झोपेतच गेले. छावणीतून जवान आले, बिगुल वाजलं, तिरंगा घडी करून माझ्या हातात दिला. अग्नी मी दिला. दहाव्याला पैठणला गेले तेव्हा एका तरुण भटजींनी सगळी माहिती विचारली. यापूर्वी काही विधी झाले आहेत का, असंही विचारलं. मी हो म्हणाले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ते पोथीतल्या गोष्टीसारखं ऐकलं. मग म्हणाले, आता सगळं रीतसर आहे, शंका नाही.

खाला आणि खलिफा कधीच गेले. छावणीतली ती खोली पाडून तिथं दुकान झालं आहे. शहराचं नावही आता वेगळं आहे. आई विधवा होती तेव्हा वडील जिवंत होते, आणि वडिलांनी तिच्यासाठी पुन्हा जन्म घेतला तेव्हा तिला तो नको होता, हे माहीत असणारं आता माझ्याशिवाय कुणी नाही. पुंडलिकनगरच्या घरात तीन खोल्या आहेत. मी अजून वरच्याच खोलीत झोपते.